माहेर विमानानं गेलं

माझी सासू सरळ बसू शकत नाही, हे विमान कंपनीला मीच सांगितलं. खोटं बोललो असतो तर पुढचा त्रास वाचला असता, असं लोक म्हणाले. पण मग आम्ही नागपूरच्या विमानतळावरून परत आलो असतो, हे मला आता माहीत आहे.

मंगळवारी दुपारी फोन आला. मी लाखनीला राइस मिलमध्ये कामाला आहे. तांदळाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, तोंडं शिवतो. आता मशीन आली आहे, तरी फाटलेला कट्टा माझ्याकडेच येतो. जेवणाची सुट्टी होती. फोन गिरजाचा वाजला. गिरजा माझी बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले, पण तिचा नंबर मी बंद केला नाही. रोज चार्ज करतो आणि खिशात ठेवतो, कारण आमची मुलगी तृप्ती अजून आईच्याच नंबरवर फोन करते. मी उचलतो. त्यावर आम्ही दोघंही काही बोलत नाही. जावयानं तिकिटं काढताना तोच नंबर टाकला होता.

"गिरजा मॅडम का? मी रिता बोलते, विमान कंपनीच्या मदत विभागातून."

"ते नाही. मी तिचा घरवाला, तुलाराम. मले सांगा."

"काका, रविवारच्या बंगलोर विमानात चंद्रभागाबाई, वय एक्याऐंशी, यांच्यासाठी व्हीलचेअर मागितली आहे. त्यांना चालता येतं का?"

"येते. काठी घेऊन. वाकून."

"जिना चढता येतो?"

"नाही."

"सीटवर सरळ बसता येतं ना?"

"नाही," मी म्हणालो. "सतरा वर्षं झाले, ते कुठंच सरळ नाही."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. मग ती मुलगी हळू बोलायला लागली. विमान उडताना आणि उतरताना सीटची पाठ सरळ असावी लागते. माणसाला त्या पाठीला टेकून बसावं लागतं आणि पट्टा बरोबर कमरेवर यावा लागतो. ज्याला बसता येत नाही त्याला स्ट्रेचरवर न्यावं लागतं, आणि त्यांच्या या विमानात स्ट्रेचरची सोय नाही.

"मग?" मी विचारलं.

"तिकीट थांबवून ठेवावं लागेल. मी एक फॉर्म पाठवते. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायचं, की या दोन तास सीटवर बसू शकतात. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत आला पाहिजे. तरी शेवटचा निर्णय विमानतळावरच होईल."

मी डबा तसाच बंद केला.

आमची अडचण सांगतो. तृप्ती लग्न होऊन बंगलोरला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण सातव्या महिन्यात तिच्या डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. प्रवास तर नाहीच. आता नववा महिना संपत आला होता. जावई योगेंद्र चांगला मुलगा आहे, पण त्याची आई तो शाळेत असतानाच गेली. आणि गिरजा गेली. तृप्ती तिकडे एकटी पडून भिंत पाहायची आणि फोन करायची. "बाबा, बाई ठेवता येते इकडं. पण ते बाई माही कोण आहे? मले लई भीती वाटते. तुमी आजीले घेऊन या."

आजी म्हणजे माझी सासू, चंद्रभागाबाई. मी त्यांना मामी म्हणतो. गिरजाच्या आजारपणात त्या आमच्याकडे आल्या आणि मग राहिल्याच. लेकीच्या घरी आई राहते म्हणून लोक बोलले. आता लेक गेल्यावरही राहते म्हणून आणखी बोलले. मामींनी पन्नास वर्षं गावोगाव बाळंतपणं केली. त्याच्या आधीपासून आणि त्याच्या सोबत धानाची रोवणी केली. नऊ वर्षांच्या असल्यापासून चिखलात वाकून रोप लावायच्या. मणके झिजले आणि एकमेकांत बसले. आता त्या उभ्या राहिल्या की पाठ जमिनीला समांतर असते आणि पाठीच्या मधोमध एक गोल कुबड वर आलेलं असतं.

रेल्वेनं नेता आलं नसतं. मागच्या वर्षी नागपूरहून वरठीला येताना गाडीच्या संडासाच्या दारात त्या पडल्या आणि मनगट मोडलं. पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. बंगलोरपर्यंतच्या वीस तासांत किती वेळा उठावं लागणार? म्हणून विमान.

संध्याकाळी घरी जाऊन मी सगळं सांगितलं. मामी ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"कंपनी म्हणते, सरळ बसा."

"त्याह्यले सांगा, सरळ होता आलं असतं तर मी विमान कायले मागितलं असतं? चालत गेली असती."

शेजारचे कृष्णराव कुंपणावर हात टेकून ऐकत होते. "तुलाराम, एवढा खटाटोप काहून करून राहिला बाप्पा? कट्ट्यात टाक, तोंड शिव, वर वजन लिहून दे. सामानात जाते."

मामींनी मान वर केली नाही. त्यांना ती करता येत नाही. "कृष्णा, तुह्या घरचे चार लेकरं याच हातानं काढले. त्यातला एक तुह्यावानीच उलटा आला होता. त्यालेही सरळ केला मी. तू चूप राह्य."

कृष्णराव हसत आत गेले. मी प्लास्टिकची खुर्ची आणली.

जमिनीवर मामी दिवसभर बसतात, काही अडत नाही. पण खुर्चीची गोष्ट वेगळी. टेकल्या की आधी कुबड खुर्चीच्या पाठीला लागतं. मग कुबड त्यांना पुढे ढकलतं. बूड घसरतं, आणि पाच मिनिटांत त्या खुर्चीच्या काठावर. मी पट्टा म्हणून धोतर बांधून पाहिलं. ते कमरेवरून पोटावर सरकलं. उशी लावली, तर कुबड आणखी पुढे आलं. दोन उशा लावल्या, तेव्हा मामी सरळ माझ्या अंगावरच आल्या.

"उद्या पाहू," मी म्हणालो.

"उद्या माही पाठ वेगळी होते का?" त्या म्हणाल्या. पण बोलण्यात चिडकेपणा नव्हता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जवाई, पोट्टी येऊ शकत नाही, तर माहेरानं जाव लागते. मले टोपल्यात घालून न्या, पण न्या."

त्या रात्री तृप्तीचा फोन आला तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. रविवारी येतो, एवढंच म्हणालो.

बुधवारी मिलमध्ये पाणी प्यायला गेलो. आमच्या मिलमध्ये मातीचा माठ आहे. माठाचं बूड गोल असतं, तो सपाट जागेवर राहत नाही. म्हणून खाली चुंबळ ठेवतात. बाया डोक्यावर ओझं घेताना कापडाची गोल कडी करून ठेवतात, तीच. मी ग्लास भरता भरता खाली पाहिलं. माठाचा गोल भाग चुंबळीच्या मधल्या रिकाम्या जागेत होता. भार सगळा चारही बाजूंच्या कडेवर. मधे काहीच लागत नव्हतं.

आम्ही उलटं करत होतो. जिथं कुबड आहे तिथंच उशी लावत होतो. तिथं तर काहीच नको होतं.

मालकाला सांगून मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. घरी येऊन एक जुना कट्टा कापला, लांब पिशवी शिवली, त्यात धानाची तणस, म्हणजे वाळलेला पेंढा, कोंबली आणि दोन्ही टोकं जोडून गोल केलं. सायकलच्या लहान चाकाएवढी चुंबळ झाली. खुर्चीच्या पाठीला लावली आणि मामींना बसवलं. कुबड मधल्या जागेत गेलं. खांदे वरच्या कडेला टेकले, कंबर खालच्या कडेला. मामी टेकून बसल्या. चेहरा खालीच होता, पण बूड घसरलं नाही.

"कसं वाटते?"

"धानाच्या पुंजण्यावर बसल्यावानी. टोचून राहिली सारी."

वीस मिनिटांनी तणस एका बाजूला दबली आणि त्या डावीकडे कलंडल्या. मी पुन्हा भरली. पुन्हा दबली. तिसऱ्यांदा मामींनी हात वर केला.

"जवाई, चुंबळ तणसाची नसते. लुगड्याची असते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची, पीळ देऊन गुंडाळलेली. ते दबत नाही."

"एवढे जुने लुगडे कुठं आहेत घरात?"

त्यांचं तोंड खाली होतं, पण काठी त्यांनी उचलली आणि आतल्या खोलीकडे केली. तिथं गिरजाची पेटी होती.

मी म्हणालो, "ते नाही."

"काहून?"

"बाजारातून कापड आणतो."

"नवं कापड घसरते. टोचते."

"मामी, ते पेटी मी उघडत नाही."

"माही पोरगी होती ते," मामी म्हणाल्या. "तुमच्या आधी माही होती. तुमाले वाटते तुमालेच तिचा वास येते? मीही याच घरात झोपतो. पेटी उघडा. तिच्या पोरीसाठी उघडा."

किल्ली कुठे आहे ते मला माहीत होतं. अकरा महिने मी ती घासलेटच्या डब्यामागे ठेवली होती, सहज दिसू नये म्हणून.

पेटी उघडली. वर तृप्तीच्या लग्नातली जांभळी साडी होती. ती मी बाजूला ठेवली. खाली रोजच्या सुती साड्या होत्या. बचत गटाच्या बैठकीला नेसायची ती निळी. रोवणीला नेसायची ती हिरवी, तिच्या काठावरचा चिखलाचा डाग धुऊनही गेला नव्हता. मी जमिनीवर बसलो. मामी हळूहळू आत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि हिरवी साडी उचलून तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा. मी पीळ देतो."

आम्ही एकही साडी फाडली नाही. अख्ख्याच पिळल्या, एकावर एक गुंडाळल्या. पाच साड्या गेल्या. मग मी दाभण घेतलं. दाभण म्हणजे कट्टे शिवायची मोठी सुई, वीतभर लांब. एकतीस वर्षांपासून मी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. सुतळी टोचली असती म्हणून जाड दोऱ्यानं शिवलं. गुरुवारी दिवसभर शिवत होतो. संध्याकाळी मामी खुर्चीवर बसल्या आणि बसल्या बसल्या झोपून गेल्या. तासानं घोरायला लागल्या. चुंबळ तशीच होती.

शुक्रवारी सकाळच्या बसनं आम्ही भंडाऱ्याला गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी फॉर्म वाचला, मामींकडे पाहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"काका, यात लिहायचं आहे की या दोन तास सीटवर बसू शकतात. यांचे मणके मी पाहिले आहेत. मी खोटं लिहून देत नाही."

"खोटं नकोच," मी म्हणालो. "तुमी पाहा आणि लिहा."

"काय पाहू?"

मी पिशवीतून चुंबळ काढली. बाहेर पेशंटसाठी लोखंडी खुर्च्या होत्या, सरळ पाठीच्या. त्यातल्या एकीवर मामींना बसवलं. डॉक्टर उठून बाहेर आले. खाली वाकून त्यांनी कुबडाच्या बाजूनं हात घालून पाहिला.

"ही कल्पना कोणाची?"

"माठाची," मी म्हणालो.

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते. "एक वाजेपर्यंत बसू द्या. मधे उठायचं नाही. रक्षा सिस्टर, लक्ष ठेवा." मग वळून म्हणाले, "पण विमान हललं आणि हे सरकलं तर?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिथंच दाभण काढलं. पिशवीचे दोन्ही बंद कापले आणि चुंबळीला शिवले, शाळेच्या दप्तराला असतात तसे. मामींनी बसल्या बसल्या त्यातून हात घातले.

"आता मी शाळेत जातो," त्या म्हणाल्या.

दोन तास मामी बसल्या. गप्प बसल्या नाहीत. शेजारच्या बाईचं मूल सारखं रडत होतं, तिला त्यांनी पोट चोळायला शिकवलं. एका पोटुशी बाईला म्हणाल्या, "पायाले सूज हाय, मीठ कमी कर." पाय प्लास्टरमध्ये असलेला एक म्हातारा कण्हत होता, त्याला म्हणाल्या, "एकच पाय मोडला ना? मंग दुसऱ्या पायानं गप्प बस." रक्षा सिस्टर हसून हसून दर अर्ध्या तासानं येऊन पाहायच्या आणि कागदावर वेळ लिहायच्या.

साडेबारा वाजता मामींचा चेहरा उतरला. मी विचारलं, "दुखते का?"

"कंबर नाही दुखत. लघवीले जाव लागते."

"उठता का?"

"उठली तर तो डॉक्टर पुन्हा शून्यावरून मोजन. चूप बसा."

एक वाजून चार मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. सिस्टरचा कागद पाहिला. बसल्या ठिकाणी मामींची नाडी पाहिली. मग टेबलावर न जाता भिंतीला फॉर्म लावून त्यांनी सही केली. खाली स्वतः एक ओळ वाढवली: रुग्ण स्वतःच्या आधारगादीसह माझ्यासमोर दोन तास नऊ मिनिटं खुर्चीवर टेकून बसल्या. रक्षा सिस्टरनं फोटो काढून माझ्या जावयाला पाठवला, आणि त्यानं दोनच्या आत कंपनीला. मामी तोपर्यंत संडासाच्या दाराशी पोचल्या होत्या.

चार वाजता परतीच्या बसमध्ये गिरजाचा फोन वाजला. रिता होती. "काका, मेडिकलनं मंजूर केलं. पण विमानतळावर स्टाफ एकदा बघेल. आणि काका, तुम्ही मला खरं सांगितलंत ते बरं केलं. तिथं कळलं असतं तर चढूच दिलं नसतं."

रविवारी मिलमधल्या मनिषनं त्याची गाडी दिली. शेजारी निरोप द्यायला आले. कृष्णरावांनी वाटेसाठी एक डबा दिला आणि मामींच्या पाया पडले.

विमानतळावर काउंटरच्या मुलानं मामींना काठीवर वाकून येताना पाहिलं आणि त्याचा हात थांबला. "ये बैठ पाएँगी क्या?"

मी फॉर्म पुढे केला. तो वाचत होता तोपर्यंत मामींनी व्हीलचेअरवर चुंबळ लावली, बंदांत हात घातले आणि टेकून बसल्या. "बैठ गई," त्या म्हणाल्या. त्यानं बोर्डिंग पास दिले.

मला वाटलं, झालं. पण पुढे तपासणी होती, आणि तिथं मीच घोटाळा केला. मशीनमधून गेलो तर ते वाजलं. शिपायानं माझ्या आतल्या खिशात हात घातला आणि वीतभर लांब दाभण बाहेर काढलं.

"ये क्या है?"

एकतीस वर्षांत ते माझ्या अंगाचाच भाग झालं होतं. सकाळी शर्ट घातला तेव्हा ते खिशात गेलंच असणार. मी सांगितलं, कट्टे शिवतो. त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी दाभण पाहिलं, मला पाहिलं आणि मग मामींच्या पाठीमागची चुंबळ पाहिली. जाड, घट्ट, शिवलेली, आत काय आहे ते दिसत नाही.

"ये किसने सिया?"

"मैंने."

"इसी से?"

"हाँ साहेब."

चुंबळ मशीनमधून दोनदा गेली. मग त्यांनी ती बाजूच्या टेबलावर ठेवली. एक महिला अधिकारी आल्या. शिवण बोटानं दाबून म्हणाल्या, "खोलना पड़ेगा." कोणीतरी कात्री आणली.

शिवण कापली की पीळ सुटणार. पीळ सुटला की मामी बसू शकणार नाहीत. दाभण तर त्यांनी घेतलं होतं, पुन्हा शिवणार कशानं? विमानाला पाऊण तास होता. मला तृप्ती दिसत होती, पलंगावर पडलेली, घड्याळाकडे पाहणारी.

मी हात जोडले आणि मराठीतच बोललो. "बाई, आतमंधी माह्या बायकोच्या साड्या हायेत. पाच. ते अकरा महिन्यांमागं वारली. ही तिची माय. आमची पोरगी बंगलोरले बाळंत होणार हाय. हे कापलं तर ही माय बसू शकत नाही. तुमाले जे पाहाचं ते पाहा, पण कापू नका."

वारली हा शब्द मी तोपर्यंत कोणापुढे बोललो नव्हतो.

त्या बाईंनी कात्री खाली ठेवली. एका ठिकाणी शिवणीत बोटभर फट होती, तिथून त्यांनी दोन बोटं आत घातली आणि कापडाची कडा बाहेर ओढली. हिरवी होती, काठ दिसला. त्यांनी एक पांढरी पट्टी त्यावर घासली आणि ती दुसऱ्या मशीनमध्ये घातली. आम्ही सगळे त्या मशीनकडे पाहत होतो. हिरवा दिवा लागला.

"जाइए," त्या म्हणाल्या. मग मराठीत म्हणाल्या, "माझी आजी पण अशीच वाकलेली होती. तुमसर तालुक्यातली. दाभण मात्र मिळणार नाही, काका."

"राहू द्या," मी म्हणालो. "तिकडं कट्टे नाही शिवाचे."

विमानात त्यांनी मामींना खिडकीची जागा दिली. तिथल्या मुलीनं गुडघ्यावर बसून पट्टा लावला, दोन बोटं घालून पाहिला. पट्टा कमरेवरच होता. तिनं सीटची पाठ सरळ केली. मामी टेकल्या. मुलीनं अंगठा दाखवला, मामींनीही तिला अंगठा दाखवला.

विमान धावायला लागलं तेव्हा मी डोळे मिटले. मामींनी मिटले नाहीत. त्यांची मान खालीच असते, म्हणून त्यांना समोर किंवा वर काही दिसत नाही. पण खिडकी खाली होती आणि जमीन तिच्याही खाली गेली होती. बाकीचे सगळे मान वाकवून पाहत होते. मामींना वाकवावी लागली नाही.

"जवाई, सतरा वर्षं जमीन पाहून राहिली मी. हातभर दिसे. आज सारी दिसून राहिली."

थोड्या वेळानं खाली मोठं पाणी चमकलं. "हे आपलं गोसीखुर्द धरण," मामी म्हणाल्या.

पलीकडच्या रांगेतला एक शिकलेला माणूस म्हणाला, "नाही आजी, गोसीखुर्द दुसऱ्या बाजूला राहिलं. हा वेगळा तलाव आहे."

"तू वरून पाह्यलं होतं का कधी?"

"नाही."

"मंग? मीही आजच पाहून राहिली. माहं गोसीखुर्द."

तो हसला. विमान एकदा जोरात हललं. लोकांनी सीटचे हात घट्ट धरले. मामी जिथं होत्या तिथंच होत्या.

बंगलोरला योगेंद्र गाडी घेऊन आला होता. नवव्या मजल्यावरच्या घरात तृप्ती पलंगावर होती. दार उघडं होतं. काठीचा आवाज ऐकून ती आतून ओरडली, "आजी?"

"काय वो, ओरडू नको. पोट ओढते," मामी म्हणाल्या आणि मला, योगेंद्रला, सामानाला सगळ्यांना मागे टाकून आत गेल्या. मी दारात उभा राहिलो. तृप्तीनं आजीच्या गळ्यात हात टाकले होते आणि रडत होती. मामी तिच्या पोटावर हात ठेवून दाबून पाहत होत्या. "डोकं खाली हाय. चांगलं हाय. आता तू कायले भेतं? मी आली ना."

बुधवारी पहाटे मुलगी झाली. टाके घालावे लागले, पण दोघी सुखरूप होत्या. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी मामींनी बाळाच्या अंघोळीचं काढलं. न्हाणीघरात पाट टाकला, पाय लांब केले आणि बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं. कोपरानं पाणी पाहिलं. एका हातानं हनुवटी धरून दुसऱ्या हातानं तेल चोळायला लागल्या. बाळ तोंड लाल करून रडत होतं.

समोरच्या घरातली बाई बाळ पाहायला आली होती. ती मूळची सोलापूरची. दारातून पाहून म्हणाली, "आजी, एवढा वेळ असं वाकून कंबर दुखत नाही का हो?"

"वाकली कुठं मी?" मामी म्हणाल्या. "मी हायच अशी."

तृप्ती आतल्या खोलीत पलंगावर हसायला लागली. टाके दुखत होते तरी पोट धरून हसत होती आणि "आजी, बोलू नको" म्हणत होती. तिचं हसणं मी वर्षभरानं ऐकलं.

"जवाई, उभे काय राह्यले? पाणी थंड होऊन राहिलं. दुसरी बादली आणा."

मी गरम पाण्याची बादली आणली आणि मामींच्या उजव्या हाताशी ठेवली.